चिंतामणराव देशमुख यांची मंत्रिपदाची कारकीर्द आणि मंत्रिमंडळाच्या अधिकाराचा प्रश्न (१९५० ते १९५६)

प्रस्तावना

१९४८ ते १९५८ या दहा वर्षांत भारताच्या चार अर्थमंत्र्यांनी राजीनामे दिले. आर. के. षण्मुखम् चेट्टी १९४८ मध्ये, डॉ. जॉन मथाई १९५० मध्ये, चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये आणि टी. टी. कृष्णम्माचारी १९५८ मध्ये पदावरून दूर झाले. प्रत्येकाचे कारण वेगळे होते. तरीही नव्या प्रजासत्ताकाच्या आरंभीच एकाच खात्यात असे वारंवार घडावे, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

या चौघांपैकी देशमुखांच्या राजीनाम्याला महाराष्ट्रात विशेष स्थान प्राप्त झाले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात 'मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडणारा मराठी माणूस' अशी त्यांची प्रतिमा निर्माण झाली आणि आजतागायत ती कायम आहे. ही प्रतिमा खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. देशमुखांनी लोकसभेत राजीनाम्याची जी कारणे सांगितली, त्यांत मुंबईच्या प्रश्नाइतकेच महत्त्व दुसऱ्या एका मुद्द्याला होते. राज्याचे भवितव्य ठरविणारा निर्णय मंत्रिमंडळात विचारविनिमय न होता जाहीर व्हावा काय, हा तो मुद्दा होय. भाषिक अस्मितेच्या प्रखर प्रकाशात हा घटनात्मक मुद्दा मागे पडला.

प्रस्तुत शोधनिबंधात देशमुखांच्या सार्वजनिक कारकिर्दीचा आढावा या मुद्द्याच्या अनुषंगाने घेतला आहे. त्यांची प्रशासकीय घडण कशी झाली, अर्थमंत्री म्हणून त्यांनी कोणते संस्थात्मक कार्य केले, त्यांच्या राजीनाम्याचे नेमके स्वरूप काय होते आणि त्याचा परिणाम कोठवर झाला, हे चार प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

मध्य प्रांतातील जडणघडण

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील, रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील रोहे येथे वकिली करीत. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत ते सर्वप्रथम आले.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट विदर्भातील वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. कोकणात जन्मलेल्या या अधिकाऱ्याची सेवा मुंबई इलाख्यात नव्हे, तर मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली. १९३९ पर्यंतची त्यांची सर्व उमेदीची वर्षे याच प्रांताच्या कारभारात गेली. आजचा वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांताच्या नागपूर विभागात होता. अवर सचिव, उपायुक्त, रायपूर जिल्ह्याचे जमाबंदी अधिकारी आणि पुढे नागपूरच्या सचिवालयात महसूल सचिव व वित्त सचिव अशा पायऱ्या ते चढत गेले. महसूल व वित्त सचिवपदी काम करणाऱ्यांत ते सर्वांत तरुण अधिकाऱ्यांपैकी एक होते.

जमाबंदीचे काम कसे चाले, हे समजून घेणे येथे उपयुक्त ठरेल. मध्य प्रांतात मालगुजारी पद्धती होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये मालगुजार असे. जमाबंदी अधिकाऱ्याला गावोगाव फिरून जमिनीची प्रतवारी करावी लागे, पीक, पाणी व बाजारपेठेचे अंतर यांची नोंद घ्यावी लागे, कुळांचे हक्क तपासावे लागत आणि त्यावरून सारा व खंड ठरवावा लागे. आकारणीविरुद्ध हरकत घेण्याचा मार्ग खुला असे. म्हणून प्रत्येक आकड्यामागे कारण द्यावे लागे आणि ते कागदावर असावे लागे. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्याचे म्हणणे आधी ऐकावयाचे, ही या कामाची मूळ शिस्त होती. देशमुखांच्या पुढील वर्तनाचा उलगडा करताना या शिस्तीचा विसर पडता कामा नये.

१९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत त्यांनी सचिव म्हणून काम केले. १९३५ च्या कायद्यानुसार केंद्र आणि प्रांत यांच्या आर्थिक संबंधांची चौकशी सर ऑटो निमेयर यांच्याकडे सोपविण्यात आली, तेव्हा मध्य प्रांत सरकारचे निवेदन देशमुखांनी तयार केले. केंद्राकडून प्रांताचा न्याय्य वाटा आकडेवारीनिशी मागण्याचा हा अनुभव त्यांनी नागपुरात मिळविला.

रिझर्व्ह बँकेतील कार्य

जुलै १९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. डिसेंबर १९४१ मध्ये ते उपगव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांनी गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली. या पदावर येणारे ते पहिले भारतीय होत. हा काळ दुसऱ्या महायुद्धाचा, बंगालच्या दुष्काळाचा आणि वाढत्या महागाईचा होता. ब्रिटनने युद्धासाठी भारताकडून घेतलेल्या माल व सेवांची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने जमा होत होती. युद्ध संपल्यानंतर ही रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. कर्जदार असलेला भारत ब्रिटनचा धनको झाला. पण हे धन मोकळेपणाने वापरता येत नव्हते.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या स्थापनेसाठी परिषद भरली. सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळात देशमुख, षण्मुखम् चेट्टी व ए. डी. श्रॉफ होते. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांच्या पुनर्रचनेइतकेच लक्ष गरीब देशांच्या विकासाकडेही दिले पाहिजे, ही भूमिका भारताने तेथे आग्रहाने मांडली. स्टर्लिंग शिलकेचा प्रश्न मात्र भारताला हवा तसा सुटला नाही.

१९४५ मध्ये बँकेत संशोधन व सांख्यिकी विभाग सुरू झाला. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून रिझर्व्ह बँकेनेच काम पाहिले. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. ३० जून १९४९ रोजी देशमुख गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले.

अर्थमंत्रिपद : आरंभ आणि एक विरोधाभास

१५ मार्च १९५० रोजी नियोजन आयोगाची स्थापना झाली. पंतप्रधान पंडित नेहरू अध्यक्ष, गुलझारीलाल नंदा उपाध्यक्ष आणि सदस्यांत देशमुख, अशी तिची रचना होती. मध्य प्रांताच्या आय.सी.एस. सेवेतून राजीनामा देऊन राष्ट्रीय चळवळीकडे वळलेले आर. के. पाटील हेही या पहिल्या आयोगाचे सदस्य होते. म्हणजे नागपूरच्या कारभारात तयार झालेल्या दोन व्यक्ती देशाच्या पहिल्या नियोजन आयोगावर होत्या.

याच आयोगामुळे अर्थमंत्री जॉन मथाई अस्वस्थ झाले. आयोग हे समांतर मंत्रिमंडळ होईल आणि अर्थखात्याचा व मंत्रिमंडळाचा अधिकार त्यामुळे क्षीण होईल, अशी त्यांची तक्रार होती. या व इतर मतभेदांमुळे त्यांनी राजीनामा दिला आणि १ जून १९५० रोजी देशमुख अर्थमंत्री झाले. मंत्रिमंडळाच्या अधिकारासाठी पद सोडणाऱ्या मंत्र्याच्या जागी, ज्या आयोगावर आक्षेप होता त्याचाच सदस्य आला, आणि सहा वर्षांनी त्याच मंत्र्याला मंत्रिमंडळाच्या अधिकाराच्या मुद्द्यावर पद सोडावे लागले. हा विरोधाभास देशमुखांच्या कारकिर्दीच्या मुळाशी आहे. १९५० मध्ये मथाईंच्या आक्षेपाचे गांभीर्य त्यांना पुरेसे जाणवले नसावे, असे म्हणण्यास येथे जागा राहते.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा (१९५१ ते १९५६) जवळजवळ संपूर्ण काळ अर्थखाते त्यांच्याकडे होते. २,०६९ कोटी रुपयांच्या मूळ आराखड्याने सुरू झालेल्या या योजनेत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १८ टक्क्यांनी वाढले. योजनेच्या अखेरीस घाऊक किमतींची पातळी आरंभीपेक्षा खाली होती. याचे काही श्रेय चांगल्या पावसालाही द्यावे लागते. १९५३ मध्ये संपदा शुल्क कायदा संमत झाला. वारशाने मिळणाऱ्या मोठ्या संपत्तीवर कर बसविण्याचा हा पहिला प्रयत्न होता. तो कर १९८५ मध्ये रद्द झाला.

उणीव सांगायची तर ती दुसऱ्या योजनेच्या तयारीत दिसते. ४,८०० कोटी रुपयांच्या या योजनेत १,२०० कोटी रुपये तुटीच्या अर्थभरणातून उभे करावयाचे होते. अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्येच आपल्या भिन्नमतपत्रिकेत त्याविरुद्ध इशारा दिला होता. योजनेचा आकार साधनसामग्रीपेक्षा मोठा झाला आणि १९५७ मध्ये परकीय चलनाचे संकट उभे राहिले. तेव्हा देशमुख पदावर नव्हते. पण योजनेची आखणी होत असताना अर्थमंत्री तेच होते. या जबाबदारीतून त्यांना पूर्णपणे मुक्त करता येत नाही.

पतपुरवठा आणि विमा : दोन संस्था

रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपुरवठा पाहणी हाती घेतली. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांची ही पाहणी होती. तिच्या निष्कर्षांनी अनेकांना धक्का बसला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा अवघा ०.९ टक्के होता. सावकारांचा वाटा मात्र सुमारे ७० टक्के होता. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस त्याच नावाने लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जात होता. कापूस समुद्रापार पोहोचला, पण तो पिकविणाऱ्याच्या दारापर्यंत बँक पोहोचली नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

गोरवाला समितीने १९५४ मध्ये आपल्या अहवालात इम्पीरियल बँकेचे रूपांतर सरकारी भागीदारीच्या बँकेत करावे आणि तिने पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडाव्यात, असे सुचविले. देशमुखांनी ही शिफारस स्वीकारली. संसदेने कायदा केला आणि १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली. येथे पाहणी, अहवाल, संसदेतील चर्चा आणि अंमलबजावणी हा क्रम नीट पाळला गेलेला दिसतो.

विमा व्यवसायाच्या बाबतीत क्रम वेगळा होता. १९ जानेवारी १९५६ रोजी अध्यादेश काढून आयुर्विमा कंपन्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले आणि त्याच रात्री देशमुखांनी आकाशवाणीवरून ते देशाला सांगितले. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्य निर्वाह संस्था अशा एकूण २४५ संस्थांना हा निर्णय लागू झाला. पॉलिसीधारकांच्या पैशाचा गैरवापर होतो, हे त्याचे कारण होते. आगाऊ वाच्यता झाली असती तर कंपन्यांनी निधी अन्यत्र वळविला असता, म्हणून गुप्तता आवश्यक होती. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला आधी विचारावयाचे, हा नियम देशमुखांनी येथे बाजूला ठेवला, हे मान्य करावे लागते. तथापि अध्यादेशाने घेतले ते केवळ व्यवस्थापन. मालकीचा प्रश्न संसदेपुढे गेला आणि तेथे रीतसर चर्चा होऊन कायदा झाला. गुप्तता आणि कार्यपद्धती यांतील सीमारेषा देशमुख कोठे आखत होते, ते यावरून कळते.

१ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले, तेव्हा त्याचा शिल्पकार मंत्रिमंडळात नव्हता. पुढे जून १९५७ मध्ये या महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे १ कोटी २५ लाख रुपये गुंतविले. ही गुंतवणूक महामंडळाच्या गुंतवणूक समितीचा सल्ला न घेता झाली होती. फिरोझ गांधी यांनी तो प्रश्न लोकसभेत मांडला, न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. संस्था चांगल्या हेतूने स्थापन झाली तरी तिचे अंतर्गत नियम वगळले की काय घडते, याचे हे उदाहरण होय.

मुंबईचा प्रश्न आणि राजीनामा

डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमण्यात आला. त्याने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल सादर केला. त्यात मराठी व गुजराती भाषकांचे द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळे विदर्भ राज्य सुचविले होते. महाराष्ट्रात त्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली. नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेस श्रेष्ठींनी महाराष्ट्र, गुजरात व मुंबई शहर अशी तीन राज्यांची योजना पुढे केली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन परिसरात गोळीबार होऊन १५ जण मृत्युमुखी पडले. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधानांनी मुंबई केंद्रशासित राहील, असे आकाशवाणीवरून जाहीर केले आणि शहरात पुन्हा दंगली व गोळीबार झाले. आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या परंपरेने १०५ सांगितली जाते.

जानेवारीतच देशमुखांनी राजीनाम्याची तयारी दर्शविली होती. मात्र त्यांना थांबण्यास सांगण्यात आले. अर्थसंकल्प तोंडावर होता. ते थांबले. ३ जून १९५६ रोजी मुंबईतील अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या अधिवेशनाच्या वेळी पंडित नेहरूंनी मुंबई पाच वर्षे केंद्रशासित राहील आणि त्यानंतर तेथील लोकांचे मत घेतले जाईल, अशी घोषणा केली. त्यानंतर देशमुखांनी निर्णय पक्का केला. जुलैच्या अखेरीस ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि २५ जुलै १९५६ रोजी त्यांनी लोकसभेत निवेदन केले.

या निवेदनात तीन सूत्रे दिसतात. पहिले, मुंबई महाराष्ट्रापासून तोडणे अन्यायाचे आहे. दुसरे, गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारणे लोकशाहीला शोभणारे नाही. तिसरे आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, जूनमधील घोषणेपूर्वी हा विषय मंत्रिमंडळात विचारार्थ आला नाही आणि या प्रश्नाशी ज्यांचा विशेष संबंध होता, अशा सदस्यांशीही सल्लामसलत झाली नाही. ही रीत त्यांनी घटनेच्या भूमिकेशी विसंगत ठरविली. घटनेच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. ज्या निर्णयात मंत्र्याचा सहभागच नाही, त्याची जबाबदारी त्याने कशी घ्यावी, हा त्यांचा रोख होता.

पंतप्रधानांची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. पुनर्रचनेचा विषय मंत्रिमंडळापुढे अनेकदा आला होता, त्यासाठी ज्येष्ठ मंत्र्यांची समिती काम करीत होती आणि सरकारचे धोरण सांगण्याचा पंतप्रधानाला अधिकार आहे, असे त्यांचे उत्तर होते. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. मतभेद होता तो मंत्रिमंडळ म्हणजे काय, याविषयी. समितीने विचार केला की मंत्रिमंडळाने केला असे समजावयाचे, की प्रत्येक मंत्र्याला बोलण्याची संधी मिळाली पाहिजे?

मथाई, आंबेडकर आणि देशमुख

हा प्रश्न देशमुखांनीच प्रथम उपस्थित केला, असे नाही. मथाईंचा १९५० मधील आक्षेप वर आला आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची उपेक्षा हे त्याचे प्रमुख कारण म्हणून सर्वांना माहीत आहे. परंतु त्यांच्या निवेदनात आणखी एक तक्रार होती. महत्त्वाचे निर्णय समित्यांमध्ये होतात आणि मंत्रिमंडळाकडे केवळ त्यांची नोंद करण्याचे काम उरते, असा तिचा आशय होता.

तिघांचे राजीनामे एकत्र ठेवून पाहिले असता एक समान सूत्र आढळते. अर्थतज्ज्ञ, घटनाकार आणि प्रशासक अशा तीन भिन्न मार्गांनी आलेल्या व्यक्तींनी सहा वर्षांच्या अवधीत मंत्रिमंडळाच्या खऱ्या अधिकाराविषयी चिंता व्यक्त केली. तिघेही काँग्रेसच्या संघटनेतून वर आलेले नव्हते. म्हणून त्यांच्याजवळ आपले म्हणणे पक्षात मांडण्याचे साधन नव्हते. मंत्रिमंडळाची बैठक हेच त्यांचे एकमेव व्यासपीठ होते. ते निष्प्रभ झाले की राजीनाम्यावाचून दुसरा मार्ग उरत नसे. तिन्ही प्रसंगी लोकस्मृतीत मात्र विषय राहिला आणि पद्धतीचा मुद्दा विस्मृतीत गेला.

विदर्भाच्या दृष्टिकोनातून

विदर्भात या राजीनाम्याचा अर्थ पश्चिम महाराष्ट्रापेक्षा अधिक गुंतागुंतीचा होता. आयोगाने वर्ध्यासह आठ जिल्ह्यांचे वेगळे राज्य सुचविले होते. लोकनायक बापूजी अणे व ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे नेते वेगळ्या विदर्भाच्या बाजूने होते, तर २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने संयुक्त महाराष्ट्राचा मार्ग आखून दिला होता. देशमुखांच्या राजीनाम्यानंतर ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने केंद्रशासित मुंबईची योजना सोडून विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचा पर्याय स्वीकारला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्धा जिल्हा, आणि अर्थातच हिंगणघाट, मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. नागपूरचे राजधानीपद गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात न होता जाहीर झाला, ही तक्रार जर रास्त असेल, तर विदर्भाविषयीचा आयोगाचा निष्कर्ष काही आठवड्यांच्या राजकीय तडजोडीत बाजूला पडला, याविषयीही तोच प्रश्न विचारता येतो. देशमुखांनी उपस्थित केलेला मुद्दा एका प्रदेशापुरता नाही, हे त्यावरून लक्षात येते. विदर्भ वेगळा असावा की नसावा, याबद्दल मतभेद असू शकतात. तो निर्णय कोणत्या पद्धतीने झाला, हा मात्र सर्वांच्या अभ्यासाचा विषय आहे.

राजीनाम्यानंतरचे कार्य

मंत्रिपद सोडल्यावर देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५६ च्या कायद्याने आयोगाला वैधानिक दर्जा मिळाला होता. १९६१ पर्यंतच्या त्यांच्या काळात विद्यापीठांना अनुदान देण्याची आणि प्रमाणित शैक्षणिक दर्जा राखण्याची पद्धत आकाराला आली. आज महाविद्यालयीन प्राध्यापकांचा या आयोगाशी जो नित्याचा संबंध येतो, त्याचा पाया त्या काळात घातला गेला. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ मध्ये तेथे पत्रद्वारा शिक्षणाची शाळा सुरू झाली. त्याच सुमारास इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे राहिले. त्याचे ते संस्थापक अध्यक्ष होते. १९५९ मध्ये त्यांना शासकीय सेवेसाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९५९ मध्येच त्यांनी मंत्री व उच्चपदस्थांविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी कायमस्वरूपी उच्चस्तरीय न्यायाधिकरण असावे, अशी जाहीर मागणी केली. पंतप्रधानांनी ती मान्य केली नाही. लोकपालाचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि पहिले लोकपाल २०१९ मध्ये नियुक्त झाले. मागणी आणि अंमलबजावणी यांत ६० वर्षांचे अंतर पडले.

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी त्यांना उमेदवारी दिली. व्ही. व्ही. गिरी व नीलम संजीव रेड्डी यांच्यातील चुरशीत पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते मिळवून ते तिसऱ्या स्थानी राहिले. संस्कृतचा त्यांचा व्यासंग अखेरपर्यंत चालू होता. गांधीजींच्या वचनांचे संस्कृत श्लोकांत रूपांतर करणारा 'गांधी-सूक्ति-मुक्तावली' हा त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. सेवाग्रामच्या या जिल्ह्यात त्याची आठवण ठेवली जावी. १९५३ मध्ये त्यांचा विवाह घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी झाला होता. १९७५ मध्ये दोघांनाही पद्मविभूषण देण्यात आले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी देशमुखांचे हैदराबाद येथे निधन झाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. देशमुखांच्या राजीनाम्यामागे मुंबईविषयीची आस्था आणि मंत्रिमंडळाच्या कार्यपद्धतीविषयीचा आक्षेप ही दोन्ही कारणे होती. पहिले लोकांनी लक्षात ठेवले, दुसरे अभ्यासकांनी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२. त्यांची ही भूमिका अचानक निर्माण झालेली नव्हती. मध्य प्रांतातील जमाबंदी व सचिवालयाच्या कामात, संबंधितांचे ऐकून आणि कारणे नोंदवून निर्णय घेण्याची जी सवय त्यांना लागली, तिच्याशी ती सुसंगत होती.

३. त्यांच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मथाईंचा आक्षेप असलेल्या आयोगाचे ते सदस्य होते, विमा कंपन्यांच्या बाबतीत त्यांनी अध्यादेशाचा मार्ग पत्करला आणि दुसऱ्या योजनेच्या आर्थिक भाराला त्यांनी वेळीच आवर घातला नाही.

४. पक्षसंघटनेचे पाठबळ नसल्यामुळे त्यांच्या राजीनाम्याने मुंबईच्या प्रश्नाला गती मिळाली, परंतु मंत्रिमंडळाच्या कार्यपद्धतीत त्यामुळे बदल झाला नाही. १९६१ च्या कामकाज नियमांतील बाराव्या नियमानुसार पंतप्रधानांना नियमांना अपवाद करण्याची मुभा आहे. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट मंत्रिमंडळाची बैठक न होता याच नियमाखाली मागे घेण्यात आली आणि मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेण्यात आली.

५. स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ आणि विद्यापीठ अनुदान आयोग या तीन संस्थांच्या घडणीत देशमुखांचा वाटा मोठा आहे. राज्यशास्त्र व इतिहासाच्या अध्यापनात त्यांचा उल्लेख संयुक्त महाराष्ट्राच्या प्रकरणात एका ओळीपुरता न येता, मंत्रिमंडळ पद्धतीच्या प्रकरणातही यावयास हवा. निर्णय योग्य आहे की नाही, यासोबत तो कोणी, कोठे आणि कोणाला विचारून घेतला, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावण्यासाठी हे उदाहरण महाराष्ट्राच्या स्वतःच्या इतिहासात उपलब्ध आहे.